वाफ्यातल्या छत्र्या आणि सुकणारी झुडपं : एका प्रकरणाची पूर्ण नोंद

एका घरच्या काकांची तक्रार दोन वाक्यांची होती. फुलझाडांच्या वाफ्यात छत्र्यांचा, म्हणजे अळंब्यांचा, सुळसुळाट झालाय, आणि त्या बुरशीमुळे झुडपं मरायला लागली आहेत. पहिलं वाक्य डोळ्यांना दिसत होतं. दुसऱ्यातला ‘त्या बुरशीमुळे’ एवढा भाग तपासून घ्यायचा होता, आणि सगळं प्रकरण शेवटी त्याच दोन शब्दांवर अडलं.

वाफा घराच्या मागच्या भिंतीला लागून, सुमारे सहा मीटर लांब आणि दीड मीटर रुंद. भिंत पांढरी. वाफ्यापुढे हिरवळीचा पट्टा. वाफ्यात गुलाब, जास्वंद, दोन-तीन शोभेची पानझुडपं आणि मधल्या जागेत हंगामी फुलं. जमिनीवर लाकडाच्या ढलप्यांचं जाड आच्छादन. घरात निवृत्त काका-काकू, नुकता चालायला लागलेला त्यांचा नातू आणि एक कुत्रा. नातवाचा आणि कुत्र्याचा उल्लेख उगाच केलेला नाही. कामाचा क्रम त्या दोघांनी ठरवला.

काकांनी आधीच बरंच काही करून पाहिलं होतं. रोज सकाळी छत्र्या उपटल्या, खुरप्याने कापल्या, व्हिनेगर फवारलं, खायचा सोडा भुरभुरला, एका कोपऱ्यात मिठाचं पाणी ओतलं, आणि शेवटी बुरशीनाशकाची बाटली आणून तीवर लिहिलं होतं त्याहून घट्ट कालवून मारली. “रोज उपटतो, रोज येतात. आता एखादं जालीम औषध सांगा,” असं त्यांचं म्हणणं. काकूंचं मात्र वेगळंच. “औषधाचं नंतर बघू हो. पोराने एखादी तोंडात घातली तर काय करायचं, ते आधी सांगा.”

काकूंचा प्रश्न आधी घेतला.

विषारी आहेत का?

छत्री नुसती पाहून ‘ही चालेल, ही विषारी’ असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. वाफ्यात आणि हिरवळीच्या कडेला मिळून बरेच प्रकार होते, त्यातला एक लगेच नजरेत भरला. हिरवळ आणि वाफा जिथे मिळतात तिथे तळहातापेक्षा मोठ्या, पांढऱ्या, मध्यावर तपकिरी खवले असलेल्या टोप्या, आणि देठाभोवती वरखाली सरकणारं कडं. उमललेली एक टोपी देठापासून वेगळी केली, अर्धा पांढरा आणि अर्धा काळा असा कागद घेऊन त्यावर उपडी ठेवली, वर वाडगा झाकला आणि रात्रभर तसंच राहू दिलं. सकाळी कागदावर बीजाणूंची, म्हणजे बुरशीच्या बियांसारख्या सूक्ष्म कणांची, नक्षी उमटली होती, मळकट हिरव्या रंगाची. एवढी मोठी टोपी आणि हिरवे बीजाणू हा जोड फारच थोड्या छत्र्यांत सापडतो. ही क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. उबदार हवेच्या प्रदेशांत हिरवळीवर ती सर्रास उगवते, आणि पांढरीशुभ्र, मांसल दिसत असल्यामुळे लोक ती चांगली समजून खातात. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत जोरदार उलट्या आणि जुलाब सुरू होतात. धडधाकट मोठा माणूस बहुधा यातून निभावतो. लहान मुलाच्या अंगातलं पाणी मात्र झपाट्याने उतरतं. कुत्र्यालाही ती बाधते.

पण खरी धास्ती हिची नाही. अ‍ॅमाटॉक्सिन गटातलं विष असलेल्या छत्र्या आहेत: अ‍ॅमानिटा फॅलॉइडिस सगळ्यात कुप्रसिद्ध, पण गॅलेरिना आणि लेपिओटा या वंशांतल्या काही लहानशा, क्षुल्लक वाटणाऱ्या जातींतही तेच विष असतं. यात लक्षणं साधारण सहा ते बारा तासांनी, कधी त्याहूनही उशिरा येतात. मग उलट्या-जुलाब थांबून माणूस बरा होतोय असं वाटतं, आणि तेवढ्यात यकृत निकामी होत असतं. हे विष उकळून, तळून किंवा वाळवून जात नाही. छत्रीच्या रश्शात चांदीचा चमचा बुडवून पाहणं, ‘गोगलगायीने खाल्ली म्हणजे चालते’ असं मानणं, या सगळ्या निव्वळ समजुती. गोगलगायीचं पोट वेगळं, आपलं वेगळं.

काकूंना एक कागद लिहून दिला आणि तो फ्रिजवर लावायला सांगितला. मुलाच्या तोंडातून उरलेला तुकडा बोटाने काढावा. आपल्या मनाने उलटी करायला लावू नये. लक्षणांची वाट न पाहता ताबडतोब डॉक्टरांकडे जावं. त्याच जागची दुसरी छत्री मुळापासून खणून कागदी पिशवीत सोबत न्यावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती घामाघूम होऊन कुजते आणि मग ओळखू येत नाही. ‘पोर खेळतंय, म्हणजे ठीक आहे’ हा अंदाज या बाबतीत चालत नाही.

आणि एक गोष्ट काकूंना मुद्दाम सांगावी लागली: नुसत्या हात लावण्याने विष चढत नाही. काका चिमट्याने छत्र्या उचलत होते. उघड्या हाताने उपटा आणि नंतर साबणाने हात धुवा, एवढं पुरे.

काकांचं रोजचं उपटणं चालूच ठेवायचं ठरलं, फक्त त्याचं कारण बदललं. बुरशी संपवायला त्याचा उपयोग नाही. मूल आणि कुत्रा बाहेर यायच्या आत अंगण मोकळं करायला आहे. टोपी उमलायच्या आधी उपटली तर बीजाणू थोडे कमी पडतात, हा वरकड फायदा. पण एकेक टोपी कोट्यवधी बीजाणू सोडते आणि हवेत ते कायमच असतात, तेव्हा त्या हिशेबात फार रमण्यात अर्थ नाही.

वाफ्यात काय काय उगवत होतं

आता मूळ तक्रार. काका नुसतं ‘छत्र्या’ म्हणत होते, पण वाफा पाहिल्यावर पाच निरनिराळ्या गोष्टी निघाल्या, आणि त्यांतली एक तर बुरशीही नव्हती.

सगळ्यात जास्त होत्या त्या राखाडी, कागदासारख्या पातळ, पहाटे उगवून दुपारपर्यंत माना टाकणाऱ्या. काहींच्या टोप्या कडेपासून विरघळून काळी शाई गळत होती. या ढलप्यांवरच जगतात. लाकडातलं लिग्निन हे फार चिवट द्रव्य; ते पुरतं फोडून टाकण्याचं काम मुख्यतः बुरशीच करू शकते. वर दिसणारी छत्री म्हणजे बुरशीचं फळ, आणि फळं तोडल्याने झाड मरत नाही. खरी बुरशी ढलप्यांच्या आत पांढऱ्या तंतूंच्या जाळ्याच्या रूपात पसरलेली असते, आणि तिला जिवंत मुळांत काडीचाही रस नसतो.

दुसऱ्या होत्या पाच-सहा मिलिमीटर रुंदीच्या वाट्या, आत चपटे दाणे. पावसाचा थेंब वाटीत पडला की दाणे बाहेर उडतात. निरुपद्रवी, आणि भिंगातून पाहायला फारच देखण्या. काकूंनाही त्या आवडल्या, हे इथे नोंदवून ठेवतो.

तिसरा प्रकार म्हणजे ढलप्यांवर पसरलेला पिवळाधमक, फेसाळ लगदा. कुत्रा ओकलाय असं समजून काकूंनी तो एकदा पुसूनही काढला होता. तो फ्युलिगो सेप्टिका, म्हणजे श्लेष्मकवक. नावात कवक असलं तरी बुरशींच्या गटात त्याची गणना होत नाही. जिवाणू आणि कुजकं खातो, झाडाला काही करत नाही, दोन-चार दिवसांत वाळून भुकटी होतो. नको असेल तर खालच्या ढलप्यांसकट फावड्याने उचलावा. नळीचा फवारा मारला तर उलट बीजाणू सगळीकडे पसरतात.

चौथी गोष्ट काकांनी सांगितलीच नव्हती, कारण तिचा छत्र्यांशी संबंध असेल असं त्यांच्या मनात आलं नाही. पांढऱ्या भिंतीवर, गुडघ्यापासून छातीच्या उंचीपर्यंत, टाचणीच्या डोक्याएवढे काळे ठिपके. किड्यांची विष्ठा समजून ते घासत होते, ठिपके हलत नव्हते. ही स्फेरोबोलस नावाच्या बुरशीची करामत. ती ढलप्यांवर दोन-तीन मिलिमीटरच्या वाटीत वाढते आणि बीजाणूंची चिकट गोळी उजेडाच्या दिशेने काही मीटरपर्यंत फेकते. पांढरी भिंत तिच्या दृष्टीने उजेडच. भिंत, गाडी, खिडकीची काच, जिथे बसेल तिथे गोळी सिमेंटासारखी चिकटते. वाफ्यातल्या सगळ्या बुरशींत खरं आर्थिक नुकसान करणारी ही एकटीच होती, आणि तिच्याबद्दल तक्रारच नव्हती.

पाचवा प्रकार म्हणजे दाट झुपक्यांत येणाऱ्या तपकिरी टोप्या. त्या वाफाभर विखुरलेल्या नव्हत्या. वाफ्याच्या डाव्या टोकाकडून मध्याकडे वळत जाणाऱ्या एका ओळीत होत्या, आणि सुकणारी झुडपं नेमकी त्याच ओळीच्या आसपास. काकांचा संशय इथूनच जन्मला होता, आणि तो अगदीच निराधार म्हणता येत नव्हता.

संशयित

कारण जिवंत झाड मारणारी बुरशी असते. आर्मिलेरिया झुडपांच्या आणि झाडांच्या मुळांत शिरते, सालीखाली पसरते आणि झाड उभ्या-उभ्या वाळवते. तिच्या छत्र्याही बुंध्याशी झुपक्यांनी येतात. ती केवढी पसरू शकते याचं उदाहरण अमेरिकेत ओरेगॉनमधल्या मॅलहूर जंगलात आहे: तिथली आर्मिलेरियाची एकच वसाहत सुमारे ९६५ हेक्टरांवर आहे. हे काकांना सांगायला नको होतं असं त्यांचा चेहरा पाहून वाटलं, पण वगळलं असतं तर तपासणी कशासाठी, हे कळलं नसतं.

तपासणी अवघड नाही. सर्वांत जास्त मलूल झालेल्या जास्वंदीच्या बुंध्याशी माती सरकवून सालीचा छोटा तुकडा सुरीने उचलला. आर्मिलेरिया असती तर सालीखाली पांढऱ्या पातळ पापुद्र्यासारखी बुरशी दिसली असती आणि तिला छत्रीचा उग्र वास आला असता. साल हिरवट, ओलसर, निरोगी होती. मातीत मुळांभोवती बुटाच्या काळ्या नाडीसारख्या दोऱ्या शोधल्या, नव्हत्या. मग झुपक्यातल्या टोपीची कागदावर नक्षी घेतली. आर्मिलेरियाचे बीजाणू पांढरट असतात. इथे उमटली गडद, जवळजवळ काळी. तीनही गोष्टी एकाच बाजूला बोट दाखवत होत्या. संशयित सुटला.

मग ती वळणदार ओळ कसली? “इथे आधी काही होतं का?” असं विचारल्यावर काका थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “झाड होतं की मोठं. पाडलं. खुंट जमिनीखालपर्यंत कापून वर माती ओढली, आणि त्यावरच हा वाफा केला.” लोखंडी सळई ओळीवर ठिकठिकाणी खुपसली, तर वीस-पंचवीस सेंटिमीटरांवर दर वेळी ती मऊ लाकडात रुतली. छत्र्यांनी गाडलेल्या मुळाचा नकाशाच काढून दिला होता. मेलेलं मूळ, मेलेलं लाकूड खाणारी बुरशी. झुडपांशी तिचा काही संबंध नाही.

एक वेगळी शक्यता इथे नोंदवून ठेवायला हवी, कारण ती अनेकांच्या बागेत असते. जिवंत मोठ्या झाडाच्या बुंध्याशी कडक, लाकडासारखी, अर्धवर्तुळाकार, लाखेसारख्या चकाकीची बुरशी आली असेल तर ती गॅनोडर्मा असू शकते. तिथे प्रश्न वाफ्याचा उरत नाही, झाड कोसळण्याचा असतो, आणि झाडांचा जाणकार बोलवावा लागतो. या वाफ्यात तसं काही नव्हतं.

मग झुडपं का सुकत होती

मुळं पाहायला जास्वंदीशेजारी खड्डा घेतला आणि कोडं तिथेच उकललं.

आच्छादन तेरा ते पंधरा सेंटिमीटर जाड निघालं. काका दर वर्षी नवा थर टाकत होते, खालच्याचं काय झालं ते न पाहता. वरचा थर सुट्या ढलप्यांचा, ओलसर. खालचा पाच-सहा सेंटिमीटरांचा थर मात्र सुटा राहिलाच नव्हता. पांढऱ्या तंतूंनी विणला जाऊन त्याची सलग पाटी झाली होती. फावड्याने उचलल्यावर ती तशीच्या तशी वर आली. तिच्याखालची माती कोरडी ठाक. मुठीत दाबली तर गोळा होईना.

त्या पाटीवर तांब्याभर पाणी ओतलं. ते मुरलं नाही. थेंब थेंब होऊन वर थरथरलं आणि उताराने हिरवळीकडे निघून गेलं. बुरशीचं दाट जाळं एकदा वाळलं की पाणी झटकून टाकतं. हिरवळीवर छत्र्यांचं जे गोल कडं येतं, त्याच्या आतलं गवत पिवळं पडतं त्यामागेही हे एक कारण असतं. काका रोज संध्याकाळी पाच-सात मिनिटं तुषार लावत होते. त्या पाण्याने वरचे दोन-तीन सेंटिमीटर भिजायचे, रात्रभर ओले राहायचे, आणि सकाळी छत्र्या हजर. मुळांपर्यंत काहीच पोहोचत नव्हतं. झुडपांनी माना टाकल्या की काका तुषार सकाळीही लावायचे. छत्र्या दुप्पट. झुडपं तशीच.

म्हणजे वाफ्यात एकाच वेळी पाण्याचा सुकाळ आणि दुष्काळ होता, आणि दोन्हींमध्ये सहा सेंटिमीटरांची पाटी. बुरशीचा यात हात होता हे खरं, पण झुडपांवर हल्ला करून नव्हे. जाड आच्छादन आणि वरवरचं पाणी हे मूळ कारण. बुरशीने त्यावर झाकण बसवलं. औषध मारून ती समजा मेली असती, तरी पाटी तशीच राहिली असती आणि पाणी अडतच राहिलं असतं.

लहानसहान गोष्टीही सापडल्या. गुलाबांच्या बुंध्यांना ढलप्या थेट टेकून होत्या, एकाची साल मऊ पडून कुजायला लागली होती. हंगामी फुलं लावताना काकांनी ढलप्या मातीत कालवल्या होत्या, म्हणून ती रोपं पिवळट. लाकडात कर्ब भरमसाट आणि नत्र अत्यल्प. भुशात हे प्रमाण चारशेला एकच्याही पुढे जातं, तर चांगलं कुजायला पंचवीस-तीसला एक लागतं. ढलप्या वर पसरलेल्या असतील तर नत्राची ओढ फक्त वरच्या पातळ थरात होते आणि झुडपांना जाणवत नाही. मातीत मिसळल्या की कुजवणारे जीव नत्र मुळांच्या तोंडचं काढून घेतात. आणि मिठाच्या कोपऱ्यातल्या जास्वंदीच्या पानांच्या कडा करपल्या होत्या. तिचं कारण तर उघडच होतं.

काय केलं, काय केलं नाही

आधी आच्छादन दाताळ्याने ओढून काढलं. खालच्या पाट्या फोडून कंपोस्टच्या ढिगात घातल्या, गवताची हिरवी कापणी सोबत मिसळून. तिथे हीच बुरशी कामाची. वाफ्यावर पाच सेंटिमीटरांचा सुटा थर ठेवला, बुंध्यांपासून दहा-पंधरा सेंटिमीटर मागे सारून. यापुढे नवा थर घालण्याआधी जुना खालपर्यंत उलटून पाहायचा, आणि पाच-सात सेंटिमीटरांच्या वर जाऊ द्यायचा नाही.

भिंतीलगतच्या दोन फुटांतून ढलप्या पूर्ण काढून तिथे खडी टाकली. काळे ठिपके फेकणाऱ्या बुरशीला खायलाच काही उरू नये म्हणून. पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात या बुरशीवर काम झालं आहे. अळंबीची शेती झाल्यावर उरणारं कंपोस्ट ढलप्यांत सुमारे ४० टक्के मिसळलं तर तिचा उपद्रव बराच कमी होतो असं तिथे आढळलं. वाफ्याच्या उरलेल्या भागासाठी तो पर्याय काकांना सांगून ठेवला आहे.

मग माती भिजवणं. कोरडी ठणठणीत माती एकदम पाणी घेत नाही. बागकामाचा फोर्क सरळ खुपसून भोकं पाडली, थोडं पाणी, थांबणं, पुन्हा थोडं, असं करत ओल पंधरा-वीस सेंटिमीटर खोल जाईपर्यंत. पाणी पसरवणारी द्रावणं बाजारात मिळतात, इथे त्यांची गरज पडली नाही. तुषार काढून ठिबकची नळी टाकली. पाणी सकाळी, आणि बोट दोन पेरं मातीत घालून कोरडं लागेल तेव्हाच, पण तेव्हा भरपूर. दोन पाण्यांमध्ये वाफसा आला पाहिजे, म्हणजे मातीत हवा आणि ओल दोन्ही. वरचा थर मधल्या काळात सुकतो, आणि छत्री उगवायला जी सततची ओल लागते ती तुटते. शेतकऱ्याला हे सांगावं लागलं नसतं. बागेत तुषार आणि घड्याळ आलं की माणूस माती पाहणं सोडतो.

गाडलेल्या मुळाचे दोन जाड तुकडे सहज निघाले ते काढले. खुंट मात्र तसाच ठेवला. तो काढायला गुलाबांची मुळं तोडावी लागली असती आणि भिंतीच्या पायाजवळ खोल खणावं लागलं असतं, आणि एवढं करून मिळणार काय, तर काही झुपके कमी. खुंटात भोकं पाडून नत्रखत भरलं की तो लवकर कुजतो असं सांगितलं जातं. मी त्यावर फारसा भरवसा ठेवत नाही. लाकूड आहे तोवर तिथे छत्र्या येणार, हे काकांना स्पष्ट सांगितलं. लाकूड संपलं की त्या संपतील.

“मग औषध काहीच नाही?” काकांनी शेवटी विचारलंच. नाही. लाकडाच्या आत पसरलेल्या जाळ्यापर्यंत फवारा पोहोचत नाही. पोहोचेल इतका ओतला तर मुळांना फॉस्फरस आणि पाणी पुरवणाऱ्या उपयोगी बुरशीही त्यात मरू शकतात. मोरचुदासारखी तांब्याची औषधं वारंवार ओतली तर तांबं मातीत साठत जातं, त्याचं विघटन होत नाही. व्हिनेगर वरच्या टोप्या जाळतं आणि शेजारच्या पानांनाही. सोडा आणि मीठ दोन्हींतून सोडियम जातं, ते मातीची घडण बिघडवतं. आणि बाटलीवरच्या प्रमाणापेक्षा घट्ट औषध, तेही रांगत्या-चालत्या पोराच्या अंगणात, हे छत्र्यांपेक्षा जास्त धोक्याचं. उरलेली बाटली काकांनी मुकाट्याने कुलपात ठेवली.

पुढे काय झालं

पहिल्या काही आठवड्यांत छत्र्या वाढल्या. हे होणार याची कल्पना आधीच दिलेली होती, म्हणून काकांनी पुन्हा मिठाची पिशवी काढली नाही. दाताळ्याने जाळं तुटून विखुरलं, वाळलेल्या भागांना पहिल्यांदाच मनसोक्त पाणी मिळालं, आणि उरलेल्या बुरशीने मिळेल तेवढी फळं धरली. मिठाच्या कोपऱ्यात तर जास्तच, कारण तिथे मीठ खाली धुवून काढायला मुद्दाम पुन्हा पुन्हा भरपूर पाणी द्यावं लागत होतं. छत्र्या कमी करायला पाणी तोडायचं आणि मीठ धुवायला पाणी ओतायचं, या ओढाताणीत माती आधी, असा निर्णय घेतला.

झुडपं त्यामानाने लवकर सावरली. माती खोलवर भिजल्यावर मलूल पानांना तरारी आली, आणि पुढे नवे धुमारे फुटले. कुजलेल्या सालीच्या गुलाबाची एक फांदी काढावी लागली, बाकीचा तगला. मिठाच्या कोपऱ्यातली जास्वंद मात्र गेली. तिच्या जागी लगेच दुसरं झुडूप लावू नका असं सांगितलं; आधी तिथे चांगलं कुजलेलं खत घालून हंगामी फुलं घ्यायची, त्यांची पानं करपली नाहीत तरच पुढचा विचार.

पुढच्या पावसाच्या दिवसांत ढलप्यांवरच्या राखाडी छत्र्या अधूनमधून दिसल्या, झुंडीने नाही. पिवळा लगदा एकदा आला. मुळाच्या ओळीवरचे झुपके कायम आहेत, फक्त जिथले तुकडे काढले तिथे ओळ तुटली आहे. भिंतीवरचे जुने ठिपके खरवडायला गेलं तर रंगासकट निघतात, तेव्हा भिंतीचा तो पट्टा पुन्हा रंगवायचा आहे. नवे ठिपके पडतात का हे त्यानंतरच नीट कळेल.

हिरवळीच्या कडेच्या पांढऱ्या, हिरव्या बीजाणूंच्या छत्र्यांचा बंदोबस्त झालेला नाही. तिथली माती फूटभर खोल काढून बदलता येते, पण जाळं कडेपलीकडे किती गेलंय हे वरून कळत नाही आणि एवढं खणूनही त्या परत येऊ शकतात. गवताखाली साठलेला वाळका थर ओरबाडून काढला, मातीत भोकं पाडली, पाणी कमी केलं. त्या येण्याच्या दिवसांत काका तो पट्टा कमरेएवढ्या जाळीने बंद करतात आणि सकाळी कुत्र्याला सोडण्याआधी उपटून घेतात. नातू जाणता होईपर्यंत ही जाळी राहील.